एकटी मादी आणि अंड्यांमागून अंडी: पाळीव पोपटाच्या मादीला कसं सांभाळायचं

घरात एकच पाखरू, नराचा पत्ता नाही, आणि एक दिवस सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पांढरं अंडं दिसतं. दोन दिवसांनी दुसरं, मग तिसरं. "नर नाय, मगे अंडी खंयसून इली?" असं मालवण-देवगडकडे कुणीही विचारेल. पहिल्या अंड्याचं सगळ्यांना कौतुक वाटतं, पोरं फोटो काढतात, शेजारी बघायला येतात. पण तेच पाखरू वर्षभर खेपेमागून खेप अंडी घालत राहिलं की आतून पोखरलं जातं, आणि ते वेळेत कुणाच्या लक्षात येत नाही. हा लेख नव्याने पक्षी पाळणाऱ्यांसाठी आहे.

नर नसला तरी मादी अंडी घालते. परसातली कोंबडी कोंबड्याविना अंडी देते, तसंच. त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. मात्र छोट्या पोपटाच्या मादीला हा भार फार मोठा असतो. कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, साधारण ९० ग्रॅमची, आणि तिचं एक अंडं सुमारे ५ ग्रॅमचं. सहा-सात अंड्यांची एक खेप म्हणजे स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्सा तिने दोन आठवड्यांत शरीराबाहेर टाकला. कवचाला लागणारं कॅल्शियम खाण्यातून पुरलं नाही, तर ते हाडांतून काढलं जातं.

इथे मी कॉकाटील, बजरी आणि लव्हबर्ड या तिघांबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे घरोघरी हेच असतात. दुकानात बजरीलाच 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, तेव्हा आपल्याकडे नेमकं काय आहे ते आधी बघून घ्या. पुढचे आकडे त्यावर अवलंबून आहेत. आपला रानातला हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो कुणी आणून दिला असेल तर वनविभागाशी बोला.

पहिली पायरी: किती म्हणजे जास्त, ते ठरवा

कॉकाटील एका खेपेत साधारण ४ ते ७ अंडी घालते, एक दिवसाआड एक. लव्हबर्ड आणि बजरी ४ ते ६ च्या आसपास. वर्षातून एक-दोन खेपा झाल्या आणि मधल्या काळात पाखरू नीट खातंय, उडतंय, पिसं टाकून नवी आणतंय, तर घाबरण्याचं कारण नाही.

काळजी करायची ती पुढच्या परिस्थितीत: एक खेप संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, एकाच खेपेत दहा-बारा अंडी येतात, कवच पातळ, खरबरीत किंवा मऊ असतं, अंडी घातल्यावर पाखरू दांडीवर बसताना डळमळतं, किंवा मादी अजून वर्षाचीही झालेली नाही.

आजच एक वही करा. अंडं आलं ती तारीख, कवच कसं होतं, आणि पाखराचं वजन. वजनासाठी ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. रोज सकाळी खाणं द्यायच्या आधी, वाटीत किंवा छोट्या दांडीवर बसवून मोजायचं. अंडं पोटात तयार होताना वजन थोडं वाढतं आणि घातल्यावर उतरतं, ते साहजिक आहे. पण नेहमीच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांनी घट झाली, म्हणजे ९० ग्रॅमचं पाखरू ८१ वर आलं, तर डॉक्टरांना दाखवा. पिसं फुगवून बसलेलं पाखरू वरून गुबगुबीत दिसतं आणि आत छातीचं हाड टोचत असतं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.

दुसरी पायरी: अंडी उचलू नका

या एका चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर.

अंडं दिसलं की हात आपोआप ते काढायला जातो. पिल्लू निघणार नाही, मग ठेवायचं कशाला, असं वाटतं. कोंबडीकडेच बघा. रोज अंडं उचललं तर ती घालत राहते. अंडी खाली राहू दिली तर एक दिवस ती खुडूक बसते आणि घालायची थांबते. आपल्याला मादीला खुडूक बसवायचं आहे. पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि नवीन अंडी तयार होणं मंदावतं. अंडी नाहीशी झाली तर शरीराचा समज होतो की खेप वाया गेली, पुन्हा घालायला हवीत.

म्हणून अंडी आहेत तिथेच राहू द्या. तळाच्या जाळीवर घातली असतील तर जाळी काढून खाली कागद घाला, नाहीतर अंडी गडगडतात आणि फुटतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख लिहा.

घरात नरही असेल तर अंडी फलित असू शकतात. तेव्हा अंडं घातलं त्याच दिवशी काढून दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि परत ठेवा. आत काही वाढायच्या आधीच हे करायचं. आठवडाभर उबवलेलं अंडं उकळणं योग्य नाही. एकटीच मादी असेल तर उकळायची गरज नाही. पण आपल्याकडच्या दमट उकाड्यात अंडं लवकर सडतं, तेव्हा रोज बघा. चीर गेलेलं, वास येणारं किंवा मुंग्या लागलेलं अंडं लगेच काढा आणि त्या जागी खोटं ठेवा.

खोटी अंडी प्लास्टिकची किंवा लाकडाची मिळतात. कॉकाटीलच्या अंड्याची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर, लव्हबर्डची त्याहून थोडी कमी, बजरीची पावणेदोन ते दोन. शहरातलं दुकान जवळ नसेल तर सिंधुदुर्गातल्या लोकांना एक चांगला मार्ग आहे: सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं-खेळणी घडवणाऱ्यांना माप देऊन अंडी कातून मागा. रंग आणि लाख लावू नका, असं आधीच सांगा, कारण पाखरू चोच मारणारच.

किती दिवस ठेवायची? कॉकाटीलचा उबवणीचा काळ १८ ते २१ दिवस, लव्हबर्डचा २२ ते २४, बजरीचा सुमारे १८. निदान तेवढे दिवस अंड्यांना हात लावू नका. पुढे एके दिवशी ती स्वतःच उठून जाते, अंड्यांकडे वळूनही बघत नाही. असे सलग दोन-तीन दिवस गेले की सगळी अंडी एकदम काढा. ती अजून बसत असेल तर आठवडाभर आणखी थांबा. घाई केलीत तर सगळं पहिल्यापासून.

बसलेली मादी पिंजऱ्यात फारशी हिंडत नाही आणि दिवसातून मोजक्या वेळा, पण भलीमोठी विष्ठा टाकते. हे आजाराचं लक्षण नाही. खाण्यापाण्याची भांडी मात्र तिच्या जवळ आणून ठेवा.

तिसरी पायरी: रात्र लांब करा

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, आणि डिसेंबरमधला सगळ्यात छोटा अकरा तासांच्या. म्हणजे कोकणातला सूर्य काही पाखराला फार चाळवत नाही. चाळवते ती ओटीवरची ट्यूबलाइट. सकाळी सहाला उजाडतं आणि रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू राहतो, हा पाखराच्या हिशोबाने सतरा तासांचा दिवस झाला. लांब दिवस म्हणजे विणीचा हंगाम, हे त्याच्या मेंदूत पक्कं बसलेलं असतं.

सलग १२ ते १४ तास अंधार आणि शांतता द्या. संध्याकाळी सातला पिंजरा झाकला तर सकाळी आठपर्यंत उघडायचा नाही. जमत असेल तर झाकण्यापेक्षा पिंजराच माजघरात किंवा वापरात नसलेल्या खोलीत नेऊन ठेवावा, हे मला जास्त पटतं. एप्रिल-मेच्या रात्री जाड चादरीखाली हवा कोंडते आणि पाखरू धापा टाकतं. झाकायचंच असेल तर सुती कापड घ्या आणि एक बाजू मोकळी सोडा. त्या खोलीत रात्री कुणी दिवा लावणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मध्येच दोन मिनिटं लागलेला दिवाही सगळी मेहनत घालवतो.

कॉकाटील कधीकधी मिट्ट काळोखात दचकून पिंजऱ्यात आपटत सुटतात. तुमची तशी असेल तर बाहेरून येणारा अगदी मंद उजेड चालेल.

तीन-चार आठवडे हे नेटाने करायचं असतं. शनिवारी-रविवारी सूट नाही.

चौथी पायरी: घरट्यासारखं जे जे आहे ते काढा

आमच्या भागात बजरीच्या जोडीबरोबर मडकं फुकट देतात. नारळाची पोखरलेली करवंटी दोरीने टांगतात, दिसायला सुंदर दिसते. ही दोन्ही घरटीच आहेत. पिंजऱ्यात मडकं टांगलं की मादीला अंडी घालायला सांगितल्यासारखंच झालं. कापडी झोपडी, पुठ्ठ्याचं खोकं, तळाला साठलेला कागदाचा चुरा, सगळं बाहेर काढा.

अंडी आधीच मडक्यात असतील तर मात्र थांबा. ती खेप पूर्ण होऊ द्या आणि मगच मडकं काढा.

पाखरू घरात मोकळं फिरत असेल तर त्याच्या मागोमाग हिंडून बघा ते कुठे घुसतं. कपाटाची उघडी फळी, सोफ्याखालचा अंधार, गाद्यांच्या घड्या, पडवीत रचलेल्या नारळांच्या मागची फट. कोपऱ्यात बसून कागद कुरतडणं, शेपटी वर करून चिवचिवाट करणं, तळाशी खरवडणं ही जागा निवडल्याची चिन्हं. लव्हबर्डची मादी कागदाच्या पट्ट्या फाडून पाठीच्या पिसांत खोचू लागली की समजा, ती घरट्याच्या कामाला लागली. त्या जागा बंद करा आणि पिंजरा दुसऱ्या भिंतीला न्या, दांड्यांची रचना बदला. सगळं ओळखीचं आणि सुरक्षित राहिलं की अंडी घालायची इच्छा वाढते. थोडा बदल झाला की ती मागे पडते. हे बदल अंड्यांवर बसलेली असताना करू नका, ती उठल्यावर करा.

आरसाही काढा. आरशातलं पाखरू तिला जोडीदार वाटतं. एखाद्या खेळण्याला ती चोचीतून खाणं भरवत असेल, तर तेही काढा.

पाचवी पायरी: हात कुठे लावायचा

डोकं आणि मान, बस. पाठीवरून, पंखांखालून, पोटावरून, शेपटीच्या मुळाशी हात फिरवणं मादीला नराच्या जवळिकीसारखं वाटतं. पोरांना हे नीट समजावून सांगा, कारण तीच दिवसभर पाखराला कुरवाळत असतात. तोंडातून तोंडात दाणा भरवणं तर पूर्ण बंद. पाखरू तुमच्या हातावर बसून शेपटी वर करू लागलं तर रागावू नका, ओरडू नका. शांतपणे दांडीवर ठेवा आणि थोडा वेळ दुसऱ्या कामाला लागा.

प्रेम कमी करायचं नाही, त्याचं रूप बदलायचं. शीळ शिकवा, हाकेला यायला शिकवा, दाणे कागदात गुंडाळून शोधायला द्या. रिकामा वेळ आणि भरलेलं ताट यांतूनच अंडी येतात.

सहावी पायरी: खाणं

आधी एक इशारा. अंडी घालणं चालू असताना खाणं तोडू नका. त्या वेळी तिला ताकदीची आणि कॅल्शियमची गरज सगळ्यात जास्त असते. आणि उपाशी ठेवून अंडी थांबवायचा विचार तर मनातही आणू नका. बजरीसारखं छोटं पाखरू एका दिवसाच्या उपासानेही जिवावर बेतेल इतकं खचतं. खाली सांगितलेले बदल खेप संपल्यावर, हळूहळू करायचे.

कोकणातल्या घरात पाखराला प्रेमाने काय दिलं जातं? सकाळची ऊन ऊन पेज, मऊ भात, ओलं खोबरं, शेंगदाणे, हंगामात हापूसची फोड. गरम आणि मऊ खाणं हे नराने मादीला भरवलेल्या घासासारखं असतं, आणि तेलकट-गोड खाण्याची रेलचेल म्हणजे पिल्लं वाढवायला योग्य काळ. पेज आणि मऊ भात बंद करा. खोबरं आणि सूर्यफुलाच्या बिया महिन्यातून कधीतरी, अगदी चिमूटभर. आंबा द्यायचा तर नखाएवढा तुकडा, तोही रोज नको. उकडलेलं अंडं, मोड आलेली कडधान्यं ही पौष्टिक असली तरी याच कारणासाठी काही महिने बाजूला ठेवा.

दाणे भांड्यात दिवसभर भरून ठेवण्याऐवजी मोजून द्या, सकाळी आणि संध्याकाळी. किती द्यायचे ते वहीतल्या वजनावरून ठरवा. वजन टिकलं पाहिजे. नुसता राळा आणि बाजरी यांवर वाढलेल्या पाखराला कॅल्शियम जवळजवळ मिळतच नाही. आपल्याकडची नाचणी इथे फार उपयोगाची आहे: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, राळ्याच्या कितीतरी पट. कोरडी नाचणी दाण्यांत मिसळा. शेवग्याचा कोवळा पाला धुऊन, देठासकट जुडी करून पिंजऱ्याला बांधा. पाखराला तो सोलण्यात तासभर जातो आणि कॅल्शियमही मिळतं. कोथिंबीर, मेथी चालते. पालक मात्र रोजचा नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. जीवनसत्त्व अ साठी लाल भोपळा आणि गाजर, कच्चंच किसून.

पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठीच्या तयार खाण्याच्या गोळ्या, सुरू करायच्या असतील तर दोन-तीन आठवडे घ्या आणि त्या काळात रोज वजन करा. काही पाखरं पेलेटला खाणं मानतच नाहीत आणि भांडं भरलेलं असताना उपाशी राहतात.

कॅल्शियम: समुद्रफेन घरीच तयार करा

दुकानात पाकिटात विकतात तो समुद्रफेन आपल्या बाजारात फुकट मिळतो. माकूल साफ करताना आतून निघणारं पांढरं, लांबट, हलकं कवच म्हणजेच तो. काही माकलांतून नुसती पारदर्शक पात निघते, ती नव्हे. खडूसारखं ठिसूळ, पांढरं हवं. मासेवालीला आधी सांगून ठेवलं तर ती हमखास बाजूला काढून ठेवते. किनाऱ्यावर वाहून आलेलाही चालतो, पण बंदरातला, तेलाचा तवंग असलेल्या पाण्यातला घेऊ नका.

तो गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, म्हणजे मीठ आणि वास निघून जातो. मग दहा-पंधरा मिनिटं उकळा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. मऊ बाजू पाखराकडे करून दांडीजवळ तारेने बांधा. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि वाळवायला ऊनही नसतं, म्हणून मे महिन्यातच पाच-सहा तयार करून हवाबंद डब्यात ठेवा.

समुद्रफेन नसेल तर कोंबडीच्या अंड्याची टरफलं धुऊन, दहा मिनिटं उकळून, वाळवून, बारीक कुटून दाण्यांवर भुरभुरवा. पानाचा चुना पाण्यात कालवून देण्याची पद्धत काही घरांत आहे, ती आजपासून बंद. चुन्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाचे थेंबही अंदाजाने देऊ नका. अति झालं तर मूत्रपिंडं जातात.

ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि ते मिळतं थेट उन्हातून. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच हवे ते किरण अडवते. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पिंजरा अंगणात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, अर्धा सावलीत, आणि तुम्ही तिथेच बसा. कावळा, मांजर, धामण यांतलं कुणीही पाठ वळायची वाट बघत असतं.

पावसाळा आणि चतुर्थी

कॉकाटील आणि बजरी मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातल्या. तिथे पाऊस पडला की गवताला दाणा धरतो आणि पाखरं विणीला लागतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हे पाखराला दिलेलं मोठं आमंत्रण आहे. पाऊस आपण थांबवू शकत नाही, म्हणून बाकीच्या गोष्टी जूनपासून जास्त काटेकोर पाळायच्या: अंधार, मोजकं खाणं, घरट्याची एकही जागा नाही.

दुसरी अडचण बुरशीची. पावसाळी हवेत दाणे ओलसर होतात आणि शेंगदाण्यांवर येणाऱ्या बुरशीचं विष यकृत खराब करतं. दाणे थोडे थोडे आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कुबट वास आला तर डबाभर टाकून द्यायला मागेपुढे बघू नका.

गणपतीचे दिवस वेगळे सांभाळावे लागतात. मुंबईकर घरी आलेले, मखराची रोषणाई रात्रभर चालू, आरत्या, भजनाच्या बाऱ्या पहाटेपर्यंत. पाखरू ओटीवर असेल तर त्याला रात्र अशी उरतच नाही. शिवाय येणारा प्रत्येकजण मोदकाचा तुकडा, खोबरं, काजू हातावर धरून पिंजऱ्याशी उभा राहतो. वर्षभर आटोक्यात राहिलेली मादी गौरी-विसर्जनानंतर अंडी घालू लागल्याचं मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. चतुर्थीच्या आधीच मागच्या शांत खोलीत किंवा भजन नसलेल्या शेजाऱ्याकडे तिची सोय करा, आणि पिंजऱ्याला चिठ्ठी लावा: खायला देऊ नये.

अंडं अडकलं तर

पाखरू पिसं फुगवून तळाशी बसलंय, पाय फाकवून कुंथतंय, श्वासागणिक शेपटी खालीवर होतेय, विष्ठा होत नाही, पाय लुळे पडलेत. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तरी अंडं अडकलंय असं समजून चाला. छोटी पाखरं यात काही तासांत दगावतात. सकाळपर्यंत बघू, असं म्हणू नका.

आधी डॉक्टरांना फोन. तोवर पाखराला छोट्या खोक्यात, टॉवेलवर, अंधारात ठेवा. ऊब साधारण ३० अंश हवी: कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर ते सरकू शकेल. मे महिन्यात खोलीच तेवढी तापलेली असते, तेव्हा वेगळी ऊब देऊ नका. चोच उघडून धापा टाकू लागलं तर जास्त झालं. पाणी जवळ ठेवा.

पोट दाबू नका. खोबरेल किंवा एरंडेल आत सोडू नका, तोंडात ओतू नका. अंडं फोडायचा प्रयत्न करू नका. अंडं आत फुटलं तर कवचाचे तुकडे आतडी आणि अंडवाहिनी फाडतात. शेपटीखाली लालसर मांस बाहेर आलं असेल तर ते स्वच्छ सलाइनच्या पाण्याने ओलं ठेवा आणि निघा.

डॉक्टर शोधून ठेवा, गरज पडायच्या आधी

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त असतं. छोट्या पोपटांवर उपचार करणारे थोडे. म्हणून पाखरू ठणठणीत असतानाच रत्नागिरी, कुडाळ, गोवा, कोल्हापूर जिथे जवळ पडेल तिथे फोन करून विचारा: तुम्ही पोपट बघता का, पक्ष्याचा एक्स-रे काढता येतो का, रात्री फोन उचलता का. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय आहे. पावसाळ्यात दरड कोसळून आंबा घाट किंवा करूळ घाट बंद पडतो, तेव्हा कोल्हापूरवर अवलंबून असाल तर किनाऱ्यालगतचा एक दुसरा पत्ताही हाताशी ठेवा. जवळ कुणीच नसेल तर तालुक्याच्या डॉक्टरांना पक्ष्यांच्या डॉक्टरांशी फोनवर जोडून द्या. कॅल्शियमचं इंजेक्शन आणि सलाइन तिथेही देता येतं, आणि बऱ्याचदा तेवढ्याने पाखरू पुढच्या प्रवासाला टिकतं.

जाताना वही, शेवटचं अंडं आणि विष्ठेचा फोटो न्या. डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम तपासतील, एक्स-रे काढतील. घरातले सगळे उपाय करूनही अंडी थांबत नसतील तर ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देतात, ते काही आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. डेस्लोरेलिनची छोटी कांडी कातडीखाली बसवली तर परिणाम काही महिने टिकतो. दोन्ही औषधांनी अंडी घालणं थांबतं, पण घरातली ट्यूबलाइट आणि मडकं तसंच राहिलं तर असर ओसरताच पुन्हा सुरू होतं. अंडवाहिनी काढण्याची शस्त्रक्रिया छोट्या पाखरात जोखमीची असते आणि अंडाशय तसंच राहत असल्याने बलक पोटात सांडण्याचा धोका उरतो. ती सगळ्यात शेवटी, पक्ष्यांची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्याकडूनच.

"एक नर आणून सोडा, शांत होईल," असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. नर आला की अंडी वाढतात, आणि फलितही होतात.

खेप थांबल्यावर दोन महिने अंधार आणि खाण्याचं वेळापत्रक तसंच चालू ठेवा. त्यानंतर रात्र एकेका तासाने कमी करून अकरा-बारा तासांवर आणता येईल, पण त्याखाली नको. ती पिसं टाकू लागली, नवी पिसं येऊ लागली, वजन पूर्वीच्या आकड्यावर स्थिरावलं की शरीर सावरतंय असं समजा. पुन्हा कागद कुरतडताना किंवा कोपरा धरताना दिसली तर अंडं यायची वाट न बघता त्याच संध्याकाळी पिंजरा सातला आतल्या खोलीत हलवा.